जुलैत रिजेक्शन का वाढतं, हे शिकायला मी जर्मनीला गेले

२०२३ च्या जुलैत मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला होते. पंपाच्या हाउसिंगचा एक लॉट ग्राहकाकडून परत आला होता, चारशेतले एकसष्ट नग. मशिनिंग करताना आतली भोकं उघडी पडली होती. आमच्याकडे रिजेक्शनचं एक रजिस्टर असायचं आणि त्यात 'कारण' असा एक रकाना होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द लिहिलेला असे, 'पावसाळा'.

धातू ओततात तो साचा वाळूचा असतो. पावसाळ्यात ती वाळू ओली होते, ओल्या वाळूची वाफ वितळलेल्या धातूत शिरते आणि ब्लो होल पडतो. हे खोटं नाही. पण त्या दिवशी मी परत आलेला एक नग बँडसॉवर मधोमध कापून घेतला. ब्लो होल आतून गुळगुळीत असतो, बुडबुड्यासारखा. माझ्या हातातली पोकळी मात्र खडबडीत, कणीदार होती. गुळाची ढेप फोडल्यावर आत दिसतं ना, तशी. म्हणजे हे श्रिंकेज होतं. गोठताना धातू आकसतो आणि ती जागा भरायला आणखी धातू पोचला नाही की अशी पोकळी राहते. त्याचा वाफेशी काय संबंध?

मी तो तुकडा घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही रिपोर्ट पूर्ण करा. पावसाळा संपला की कमी होतंय." आणि खरंच कमी व्हायचं. ऑक्टोबर उजाडला की रिजेक्शन उतरायचं, म्हणून कुणाला पुढचा प्रश्न पडत नसे.

माझे पप्पा गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या एका फौंड्रीत मेल्टिंगला आहेत, सव्वीस वर्षं. भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून ते तापमान सांगतात आणि मीटर लावला तर दहा-पंधरा अंशांचा फरक निघतो, तेवढाच. संध्याकाळी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून मी तो तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो ट्यूबलाइटखाली फिरवून फिरवून बघितला.

"हे श्रिंकेज हाय."

"मग जुलैतच का जास्त, पप्पा?"

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते मला बी कळलेलं न्हाई. सव्वीस वर्षं बघतोय."

परदेशी शिकायला का गेलीस, असं कुणी विचारलं की मी आता हीच गोष्ट सांगते. पण खरं सांगायचं तर जायचं माझ्या डोक्यात त्याआधीपासूनच होतं, आणि ती कारणं एवढी नेमकी नव्हती. २०२२ ला मेकॅनिकलची पदवी हातात आली तेव्हा पहिला पगार होता महिन्याला सोळा हजार. मेल्टिंगला किंवा मोल्डिंगला घ्या असं मी दोनदा लिहून दिलं. रात्रपाळीला मुलगी नको, भट्टीजवळ मुलगी नको, अशी उत्तरं आली. ज्या धंद्यावर आमचं घर चाललं त्या धंद्यात मला टेबल मिळालं होतं, भट्टी नाही. कोल्हापुरात शेकडो फौंड्र्या आहेत. शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांपासून सुरू झालेलं हे काम आज गाड्यांच्या सुट्या भागांपर्यंत पोचलंय. त्यातल्या एकाही भट्टीसमोर मी कामाची म्हणून उभी राहिले नव्हते. पप्पांनीसुद्धा मला कधी आत नेलं नव्हतं.

इथंच पुढे शिकायचं म्हणून गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, दोनदा दिली. रांचीला १९६६ पासून फौंड्रीचं शिक्षण देणारी संस्था आहे हे मला माहीत होतं, तिकडंच जायचं होतं. पण माझ्या गुणांवर जी जागा मिळत होती ती थर्मल इंजिनिअरिंगची होती. तिसऱ्यांदा बसावं का, यावर मी सहा महिने घालवले. आपल्याकडे चांगल्या संस्था नाहीत असं मी म्हणणार नाही. चांगल्या आहेत, पण जागा मोजक्या आहेत आणि दारात लाखो मुलं उभी आहेत. जी आत जात नाहीत त्यांचं काय, याचं उत्तर बऱ्याच जणांना पासपोर्टमध्ये सापडतं.

माझ्याच वर्गातली उदाहरणं सांगते. एकजण कॅनडाला गेला, कारण त्याच्या चुलतभावाचं तिथं घर होतं आणि राहण्याचा खर्च वाचत होता. त्याच्यामागून जाणारे दोघं अडकले, कारण जानेवारी २०२४ ला कॅनडानं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली आणि खात्यात दाखवायची रक्कम दुपटीनं वाढवून २०,६३५ डॉलर केली. माझी एक जवळची मैत्रीण इंग्लंडला गेली. सगळे म्हणाले, एवढी फी भरून कशाला? तिचं कारण तिनं फक्त मला सांगितलं. घरच्यांनी तिला लग्नाआधी एकच वर्ष दिलं होतं, आणि इंग्लंडचा मास्टर्स एका वर्षात पूर्ण होतो. मुलं बाहेर का जातात यावर लोक बोलतात तेव्हा पगार आणि डॉलर एवढंच बोलतात. त्या बोलण्यात माझ्या मैत्रिणीचं ते एक वर्ष कधी येत नाही.

मी सुरुवात केली ती एका कन्सल्टन्सीत. चकचकीत ऑफिस, भिंतीवर झेंडे. तिथल्या मॅडमनी माझ्या मार्कलिस्टा चाळल्या आणि बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक पुढं केलं. मॅनेजमेंटचा कोर्स, वर्षाला दहा-बारा लाख फी. मी म्हटलं, मला ओतकामाचं शिकायचंय. त्या म्हणाल्या, "अगं, त्याला स्कोप नाही." जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी जवळपास नसते, हे मी वाचलं होतं. तो विषय काढला की त्या दुसरीकडे वळायच्या. कारण पुढे कळलं. खासगी विद्यापीठं प्रत्येक प्रवेशामागं एजंटला पैसे देतात, सरकारी विद्यापीठं देत नाहीत. मी भरलेले पाच हजार तिथंच गेले. ज्यांना जायचंय त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: सल्ला देणाऱ्याला पैसे कुणाकडून मिळतात हे आधी विचारावं. आणि जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांचा अर्ज स्वतः करता येतो. मी केला.

त्यानंतरचे दोन महिने रात्री जेवण झाल्यावर मी फोनवर एकच गोष्ट शोधायचे, फौंड्री शिकवतात कुठं? असं शोधता शोधता फ्रायबेर्ग सापडलं. जर्मनीच्या पूर्वेकडच्या साक्सन राज्यातलं चाळीसेक हजार वस्तीचं गाव. तिथलं खाणकामाचं विद्यापीठ १७६५ मध्ये सुरू झालं. इंडियम हे मूलद्रव्य तिथं सापडलं १८६३ मध्ये आणि जर्मेनियम १८८६ मध्ये. तिथं ओतकामाची स्वतंत्र संस्था आहे, स्वतःच्या भट्ट्यांसकट. धातूंच्या तंत्रज्ञानाचा मास्टर्स इंग्रजीतून होता. आणि त्याच शोधात माझ्या तुकड्याचं उत्तर मला अर्धंमुर्धं मिळालं. एका शोधनिबंधात लिहिलं होतं की एसजी आयर्न, म्हणजे ग्रॅफाइटचे बारीक गोळे असलेलं ओतीव लोखंड, गोठताना त्यातलं ग्रॅफाइट फुगतं. साचा कडक असेल तर ते फुगणं आतल्या आत पोकळी भरून काढतं. साचा नरम असेल तर भिंती मागं सरतात, साचा मोठा होतो, आणि आतला धातू कमी पडतो. ओल जास्त झालेल्या वाळूचा साचा नरम असतो. म्हणजे पावसाळा हे कारण खोटं नव्हतं, अपुरं होतं. वाफेमुळं नाही, भिंती सरकल्यामुळं.

रात्री साडेअकरा वाजले होते. पप्पांना उठवून सांगितलं. ते उठून बसले आणि म्हणाले, "मंजे रॅमिंग कमी पडतंय?" रॅमिंग म्हणजे साच्याची वाळू ठोकून घट्ट बसवणं. मी म्हटलं, तसंच असणार, पण किती ओलीला किती सरकतं हे मोजायला हवं. ते म्हणाले, "मग शिकायचं असलं तर पुरतं शीक. अर्धं नको."

आता प्रत्यक्ष कागदांचं. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पुण्याला जाऊन दिली, सात बँड आले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एपीएस मात्र समजून घ्यावं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं झालंय. दिल्लीच्या कार्यालयात दहावीपासून पदवीपर्यंतची सगळी कागदपत्रं पाठवायची, ते तपासून खरी असल्याचं प्रमाणपत्र देतात. शुल्क अठरा हजार. माझं जवळपास सहा आठवड्यांत आलं, पण त्याआधी नावांचा घोळ निस्तरण्यात एक महिना गेला. आपल्या मार्कलिस्टांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं वेगळं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. त्यात पप्पांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या कागदावर एक आणि पासपोर्टवर दुसरं. प्रतिज्ञापत्र करून ते सरळ केलं. ज्यांची मुलं आता दहावीला आहेत त्यांनी शाळेत फॉर्म भरताना हे एक अक्षर बघून घ्या, एवढं कळकळीनं सांगते.

गुणांचा हिशेबही उलटा असतो. जर्मनीत १ म्हणजे सर्वांत उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्यात बसवायला एक सूत्र वापरतात, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि पासच्या गुणांमधल्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. माझा सीजीपीए ८.१ होता, दहापैकी, पासची रेषा चार. उत्तर आलं १.९५. आईला वाटलं मी नापास झाले. तिला समजावून सांगितल्यावर तिनं शेजारी जाऊन तेच सूत्र स्वतः समजावून सांगितलं.

जर्मन भाषेची गरज कोर्सला नव्हती, पण गावात राहायचं तर हवी, म्हणून शिवाजी विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गाला बसले. शिरोलीहून सुटल्यावर दोन बस बदलून. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना जर्मनची तीन लिंगं फार जड जातात असं ऐकलं होतं. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून माहीत आहे. टेबल जर्मनमध्ये 'तो' आहे, दार 'ती' आणि खिडकी 'ते'. पाठ करावं लागतं, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं नवल वाटत नाही. चांदी तिकडं 'ते' आहे. लोखंड मात्र दोन्हीकडं 'ते'. तो शब्द मी कधी विसरले नाही.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो एका पानाच्या पत्राला. हा कोर्स का, हे विद्यापीठ का, तुम्हीच का, हे सांगणारं पत्र. पहिला मसुदा कन्सल्टन्सीनं दिलेल्या नमुन्यावरून केला होता. लहानपणापासून यंत्रांची आवड, जर्मनी म्हणजे अभियांत्रिकीचं माहेरघर, जागतिक दर्जाचं शिक्षण. तो मी आमच्या कॉलेजच्या एका सरांना दाखवला. त्यांनी वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, "यात तू कुठं आहेस?" मी त्यांना तुकड्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, हेच लिही. मला वाटलं, रिजेक्शनचं काय लिहायचं, ती तर आपल्याकडची चूक. आपल्या धंद्यातलं वंगाळ परक्यांना का दाखवायचं? चार दिवस मी काहीच लिहिलं नाही.

मग एका रविवारी बसून सगळं लिहिलं. एकसष्ट नग, गुळाच्या ढेपेसारखी पोकळी, रजिस्टरमधला रकाना, सव्वीस वर्षं भट्टीसमोर उभ्या माणसानं 'मला बी कळलेलं न्हाई' असं म्हणणं. मला काय मोजायचंय ते लिहिलं. जर्मनी महान आहे असं कुठंच लिहिलं नाही. ते पत्र लिहिता लिहिता माझं मलाच उलगडलं. तोपर्यंत पगार, मोकळीक, नाव, सगळं एकत्र मनात होतं. ती कारणं गेली नाहीत, अजूनही आहेत. पण त्यांच्यासाठी मी कुठंही गेले असते. फ्रायबेर्गला मी फक्त त्या पोकळीसाठी जात होते.

तीन ठिकाणी अर्ज केले. काही विद्यापीठांचे अर्ज एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. मे महिन्यात फ्रायबेर्गचं पत्र आलं. त्या दिवशी आईनं अंबाबाईला ओटी भरली. पप्पा पत्राची प्रिंट काढून कामावर घेऊन गेले.

आणि मग पैसे. शिकवणी फी नसली तरी जर्मनीला जाण्याआधी एका वर्षाचा राहण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावा लागतो. तेव्हा ती रक्कम ११,२०८ युरो होती, तिथं गेल्यावर त्यातून महिन्याला ९३४ युरो सुटायचे. त्या वेळच्या दरानं दहा लाखांच्या वर. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली. विमान, विमा, कपडे धरून बारा लाखांचं कर्ज काढायचं ठरलं.

गावाकडं आमची तीस गुंठे ऊसाची जमीन आहे. पप्पा सातबारा घेऊन बँकेत गेले. त्यांची खात्री होती की काळ्या आईपेक्षा मोठं तारण नसतं. अधिकाऱ्यांनी सातबारा नम्रपणे परत केला. कर्ज बुडालं तर न्यायालयात न जाता तारण विकण्याचा जो अधिकार २००२ च्या कायद्यानं बँकांना मिळालाय, तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका शेती घेत नाहीत, त्यांना घर, फ्लॅट किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट हवा असतो. आमचं घर गावठाणातलं, प्रॉपर्टी कार्ड नाही. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय होत होतं, पण वरचे साडेचार लाख कुठून आणायचे? पप्पा बँकेतून आले ते थेट पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसले. मी शोधत गेले तेव्हा सातबारा अजून त्यांच्या हातात होता.

मामाचा फ्लॅट राजारामपुरीत आहे, दोन खोल्यांचा. मामा स्वतःहून घरी आला आणि म्हणाला, "फ्लॅट काय कुठं पळून जातोय व्हय? लाव तारण." पण फ्लॅट मामीच्याही नावावर आहे. तिची सही लागणार होती. मामी काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी तिनं मला एकटीला बोलावलं, चहा केला आणि विचारलं, "हप्ते कवापासनं सुरू?" मी सांगितलं, कोर्स संपल्यावर एक वर्षानं, तोपर्यंत व्याज साचत राहतं, दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता वीस हजारांच्या आसपास पडेल. मुलगी म्हणून व्याजात अर्धा टक्का सवलत आहे, तेही सांगितलं. तिनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ते सगळं पेननं लिहून घेतलं. "आणि तुला नोकरी न्हाई लागली तर?" मी म्हटलं, शिकताना वर्षात १४० दिवस पूर्णवेळ काम करता येतं, मार्च २०२४ पासून ते वाढवलंय, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष राहता येतं. तरीही नाही लागली तर परत येऊन इथं काम करीन, पण हप्ता चुकवणार नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सही करायला कधी यायचं ते विचारलं.

व्हिसाच्या अधिकाऱ्यांसकट माझी चौकशी खूप जणांनी केली. मामीइतके नेमके प्रश्न कुणी विचारले नाहीत.

माझ्या एका मित्राचा मार्ग वेगळा होता. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यातून तो गेला. १९२० मध्ये डॉ. आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना पैशाची मदत केली होती. आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावची, हे दोघं एका व्यासपीठावर आले ती परिषदही त्याच वर्षातली. शंभर वर्षांनी त्याच नावाच्या आधारानं माझ्या मित्राला विमानात बसलेलं बघताना मला भरून आलं. ज्यांना अशी शिष्यवृत्ती लागू होते त्यांनी जाहिरातीच्या तारखांवर डोळा ठेवावा, क्रमवारीत वरची असलेली विद्यापीठं निवडण्याची अट नीट वाचावी.

कर्जाचं मंजुरीपत्र आलं, तर त्यात विद्यापीठाचं गाव 'फ्रायबुर्ग' छापलेलं. फ्रायबुर्ग वेगळं. ते नैऋत्येला, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, आणि तिथं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी असते. म्हणून बँक मला विचारत होती की फीची पावती कुठाय. एका अक्षराच्या फरकानं दहा दिवस गेले. पत्र पुन्हा टाइप होऊन येईपर्यंत जुलै उजाडला होता.

आज्जीला अजून कुणी नीट सांगितलं नव्हतं. ती हुपरीची. तिच्या माहेरी घरोघरी चांदीचं काम चालायचं, लहानपणी तिनं पैंजणांची घुंगरं जोडली आहेत. तिनं आधी विचारलं, "हिकडं मिळत न्हाई असं काय हाय तिथं?" मग कुठूनतरी ऐकलेलं सांगितलं की कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परत येताना वाटेतच गेले. ते खरंच आहे, १८७० मध्ये, इटलीतल्या फ्लॉरेन्सला, वयाच्या विशीत. तिच्या डोळ्यांत ती भीती ताजी होती, जणू परवाच घडलंय. मी तिच्याजवळ बसून फ्रायबेर्गची गोष्ट सांगितली. ११६८ च्या सुमारास तिथं चांदी सापडली आणि त्या चांदीवर ते गाव वसलं. आज्जी थोडा वेळ गप्प राहिली. "चांदीचं गाव हाय व्हय?" मग तिनं आजोबांचं सांगितलं. ते राधानगरीकडच्या खेड्यातून पायी आणि बैलगाडीनं कोल्हापूरला आले, दसरा चौकाजवळच्या बोर्डिंगात राहून सातवी झाले. त्यांची आई वेशीपर्यंत रडत आली होती. "तवा कोलापूर बी लांबच हुतं," आज्जी म्हणाली.

व्हिसाची मुंबईची तारीख मिळाली २६ जुलै. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुलाची शिरोलीजवळ महामार्ग बंद पडलेला आम्ही बघितला होता. मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी दर दोन तासांनी येत होती, इशारा ३९ फूट, धोका ४३. पप्पा म्हणाले, थांबायचं न्हाई. २२ च्या रात्रीच मला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवलं. मूळ कागदपत्रं दुधाच्या तीन जाड पिशव्यांत गुंडाळून, त्यावर सुतळी. आत्याच्या घरी ठाण्याला मी तीन दिवस आधी पोचले आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी घरून फोन आला की पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली.

काउंटरवर मला तीन प्रश्न विचारले. त्यातला एक होता, हे भारतात का शिकत नाही? मी पत्रात लिहिलं होतं तेच सांगितलं, सहा-सात वाक्यांत. परत येणार का, हे कुणी विचारलं नाही. ते विचारतात नातेवाईक. त्यांना मी खरं तेच सांगते, अजून ठरलेलं नाही. आधी कर्ज फेडायचंय, मामीच्या कॅलेंडरवरचं. पण माझा प्रश्न शिरोलीचा आहे, हे मी कुठंही गेले तरी बदलणार नाही. तिथल्या वाळूची ओल आणि तिथला जुलै जर्मनीत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस व्हिसा आला. सप्टेंबरच्या शेवटी मी निघाले.

फ्रायबेर्ग ड्रेसडेनहून रेल्वेनं पाऊणएक तासावर आहे. दगडी रस्ते, उतरती छपरं, संध्याकाळी सातनंतर सामसूम. साडेपाच लाखांच्या शहरातून आलेल्या मला पहिले पंधरा दिवस ती शांतता सोसली नाही. मिसळ, तांबडा-पांढरा, रंकाळ्यावरची गर्दी हे सगळं आठवायचं, पण सर्वांत जास्त आठवायचा तो घरातला लोखंडाचा वास, पप्पांच्या कपड्यांना येणारा.

तिसऱ्या आठवड्यात पहिलं प्रात्यक्षिक होतं. शिकवणाऱ्यांनी प्रत्येकाला एक चंदेरी कोट, हेल्मेट, चेहऱ्यावरची काच आणि हातमोजे दिले. कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही असा प्रश्नच तिथं नव्हता. मी भट्टीपासून चार हातांवर उभी होते. उष्णता काचेतून गालाला लागत होती. धातू साच्यात उतरला तेव्हा मला रंग दिसला, पिवळ्याच्या पुढचा, पांढऱ्याकडं झुकलेला, आणि मनात आपोआप आकडा आला, तेराशे ऐंशी. पडद्यावर १,३८६ होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो नग कापला. मुद्दाम नरम ठेवलेल्या साच्यातला होता. आत पोकळी होती, लहान, खडबडीत, गुळाच्या ढेपेसारखी. मी फोटो काढून पप्पांना पाठवला. कोल्हापुरात रात्रीचे नऊ वाजले असतील. लगेच फोन आला. मागं टीव्हीचा आवाज होता, आई 'जेवलीस का' म्हणून ओरडत होती.

"तसंच हाय की गं," पप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "वाळूत ओल किती ठेवलेली?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"उद्या विचारून सांगतो, पप्पा."